लादी फेकणारे मंत्रिमहोदय

फ्रान्समध्ये माणूस एकदा मंत्री झाला की मरेपर्यंत मंत्रीच राहतो. खातं जातं, गाडी जाते, दारावरचा पोलीस जातो; पण लोक त्याला ‘मंत्रिमहोदय’ अशीच हाक मारतात. मला याचं कधी नवल वाटलं नाही. आमच्या सांगलीकडे एकदा सरपंच झालेल्या माणसाच्या नावापुढे बाराव्याच्या कार्डावरही ‘माजी सरपंच’ छापतात.

ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांचं नाव इथे येणार नाही. दुभाष्याच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं नाव चारचौघांत घेत नाहीत. दिवाळी अंकासाठी लिहू का, म्हणून मी त्यांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, “अवश्य लिहा मादाम, फक्त मला जरा उंच दाखवा.” ते उंच नाहीत. एवढं सांगून मी मोकळी होते.

दुबईत फ्रेंचला विचारतं कोण, असं मला आमच्या बिल्डिंगमधल्या बायका नेहमी विचारायच्या. विचारणारे पुष्कळ असतात. लेबनॉनचे दुकानदार, मोरोक्कोच्या नर्सेस, पश्चिम आफ्रिकेतून रास अल खोरला जुने टायर न्यायला येणारे व्यापारी, आणि प्रत्यक्ष फ्रान्सचे इंजिनियर. पुण्यात शिकलेल्या माझ्या फ्रेंचवर आमचं अर्धं घर चाललं. टायरवाल्यांचं काम मला सगळ्यात आवडायचं. ते म्हणींतून घासाघीस करत. ‘ज्या बैलाला शेपूट नाही त्याची माशी देव हाकतो,’ असं काहीतरी एखादा व्यापारी म्हणायचा आणि समोरचा पठाण माझ्याकडे बघायचा, की बाई, भाव कमी कर म्हणतोय की वाढव म्हणतोय?

या धंद्याचे नियम दोनच. पहिला, जे बोललं गेलं ते सगळं सांगायचं. गोड करायचं नाही, कडू करायचं नाही, गाळायचं नाही. दुसरा, ‘ते म्हणतात की’ असं म्हणायचं नाही. गिऱ्हाईक ‘मी’ म्हणालं की आपणही ‘मी’ म्हणायचं. मी दुबईत कधी कारखानदार झाले, कधी सर्जन, कधी घटस्फोटाला आलेला नवरा. संध्याकाळी घरी येऊन कुकर लावताना पुन्हा मी होत असे.

मंत्रिमहोदयांचं काम आलं ते एका व्यापारी मंडळाकडून. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावाचे ते मेयर. गावात हातानं रंगवलेल्या लाद्यांचा जुना कारखाना आहे. मालकाचं वय झालं, मुलं पॅरिसला, कारखाना बंद व्हायला आलेला. कामगारांनी ठरवलं, आपणच सहकारी सोसायटी करून तो चालवायचा. पण पहिली मोठी ऑर्डर हातात असल्याशिवाय बँक दारात उभं करेना. म्हणून मेयर आणि कामगारांची एक प्रतिनिधी दुबईपासून तासाभरावरच्या रास अल खैमाला येणार होते. तिथे टाइल्सचा मोठा कारखाना चालवणारे एक शेठ त्यांना भेटायला तयार झाले होते.

काम घेतलं की मी गिऱ्हाइकाचा अभ्यास करायची. माणूस कसा बोलतो, कुठे चिडतो, हे आधी कळलं तर तोंडघशी पडायला होत नाही. मेयरसाहेबांचं नाव टाकलं आणि कॉम्प्युटरवर वादांची माळच लागली. तरुणपणी ते खासदार झाले, मग व्यापारमंत्री. एकदा चालू मुलाखतीत त्यांनी पत्रकाराला ‘बदक’ म्हटलं. मग गावचं बाळंतपणाचं हॉस्पिटल सरकार बंद करायला निघालं, तेव्हा मंत्री असूनही स्वतःच्या सरकारविरुद्ध मत दिलं, आणि खातं गेलं. पुढे मेयर म्हणून रविवारचा बाजार चर्चच्या चौकातून गाडीतळावर हलवला. सरकार पाडायला निघाल्याचं गावानं कौतुक केलं होतं, बाजार हलवल्याबद्दल मात्र चीजवालीनं वर्षभर त्यांना चीज विकलं नाही. शेवटी बाजार परत चौकात आला.

पण सगळ्यात गाजलेला वाद लादीचा. मंत्री असताना ते टीव्हीवर आखाती देशांतल्या स्वस्त लाद्यांविरुद्ध बोलत होते. “हे लोक बिस्किटं भाजतात आणि त्याला टाइल म्हणतात!” असं म्हणून त्यांनी एक लादी उचलली आणि जमिनीवर आपटली. ती फुटली नाही. त्यांनी पुन्हा उचलली, जोरात आपटली. ती फुटली नाहीच, उलट स्टुडिओची फ्रेंच फरशी तडकली. देश आठवडाभर हसत होता.

माझ्या लेकीनं ते खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाली, “आई, प्लीज, प्ले इट अगेन.”

कामाच्या आधी मी समोरच्या पार्टीलाही फोन करते, धंद्यातले शब्द विचारून घ्यायला. शेठनी स्वतःच फोन उचलला. इंग्रजीत सुरुवात झाली. माझं आडनाव ऐकल्यावर ते थबकले.

“तुमी मराठी? मग बाय, इंग्रजी कशाला मारताव? मी परकार. रत्नागिरीचा.”

शब्द विचारून झाल्यावर परकारशेठ हळूच म्हणाले, “एक सांग. हा तोच ना, लादी फेकणारा?”

“हो, तेच.”

“ती लादी माझी होती,” ते म्हणाले, आणि इतके हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. “त्याला बोलू नको हां. शपथ आहे तुला.”

शपथेची गरज नव्हती. एका पार्टीचं दुसरीला न सांगणं हा धंदाच आहे.

ठरल्या सकाळी दुबई मरीनातल्या हॉटेलवर मी दोघांना घ्यायला गेले. मंत्रिमहोदय बुटके, गोल, पांढऱ्या मिशांचे. हस्तांदोलन असं, जणू मी त्यांची मतदार आहे. त्यांच्याबरोबर कोलेत, कारखान्याच्या रंगखात्यात आयुष्य काढलेली उंच, सडपातळ बाई. मांडीवर लाद्यांची लाकडी पेटी, आणि चेहऱ्यावर माझ्यासाठी हसू, त्यांच्यासाठी नाही.

“हे आमचे मेयर,” ती म्हणाली. “यांच्या ऑफिसबाहेर मी दोनदा घोषणा दिल्यात. आज एका गाडीत बसलोय.”

“तीनदा,” मंत्रिमहोदय म्हणाले. “पावसातली धरली नाहीस.”

रास अल खैमापर्यंत दोघं भांडत होते. दोन्हीकडून फ्रेंचच, म्हणून मला काम नव्हतं. मी बाहेरची वाळू आणि कुठे कुठे उभे असलेले उंट बघत होते. मध्येच मंत्रिमहोदय सुस्कारा टाकून म्हणाले, “एक बरं आहे मादाम. इथे ती लादीची गोष्ट कुणाला आठवत नसेल.”

मी पाण्याची बाटली उघडून बराच वेळ पाणी पीत राहिले.

कारखान्याच्या रिसेप्शनचा काचेचा दरवाजा सरकला आणि समोरच्या भिंतीवर, छतापासून माणसाच्या उंचीपर्यंत, मंत्रिमहोदयांचा फोटो होता. हात वर, मिशा फिस्कारलेल्या, हातात लादी. खाली इंग्रजीत एवढंच लिहिलेलं: ‘फुटली नाही.’

कोलेतनं आधी पाहिलं. पेटी खाली ठेवली, भिंतीला टेकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मंत्रिमहोदय लालबुंद. “हा सापळा आहे,” ते म्हणाले. “आपण परत जातोय.” आणि खरोखरच वळले.

कोलेतचं हसू थांबलं. “जा तुम्ही,” ती म्हणाली. “गावात जाऊन सांगा, फोटो आवडला नाही म्हणून भट्टी विझवली.”

ते दारात उभे राहिले. सरकणारा दरवाजा त्यांच्यामुळे उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता. बाहेरची गरम हवा आत येत होती. मग ते परत आले, टाय सारखा केला, आणि फोटोकडे पाठ करून सोफ्यावर बसले.

परकारशेठ दोन्ही हात पसरून आले. पांढरा सदरा, पांढरी दाढी, आवाज गोदीवर काम केलेल्या माणसाचा. “वेलकम, वेलकम!” मग माझ्याकडे वळून मराठीत: “बाय, साहेबांना सांग. माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा सेल्समन म्हणजे हे. त्यांनी लादी फेकली त्या साली आफ्रिकेपासून तुर्कस्तानापर्यंत माणसं विचारत आली, ती न फुटणारी लादी कुठली? पगार न घेता काम केलं साहेबांनी.”

मी ते फ्रेंचमध्ये सांगितलं आणि तेव्हा मला जाणवलं की हे मी आजवर कधीच केलेलं नाही. इतक्या वर्षांत माझं फ्रेंच नेहमी इंग्रजीला, क्वचित हिंदीला भेटत आलेलं. मराठी घरात, फ्रेंच बाहेर. दोघी एकमेकींसमोर कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या. मला अंगभर गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं.

आणि लगेच पंचाईतही झाली. मंत्रिमहोदय बोलायला लागले, “मी मंत्री होतो तेव्हा...” फ्रेंचमध्ये, इंग्रजीत अशा वाक्यातल्या ‘मी’ला बाई-पुरुष नसतो. मराठीत लपायला जागा नाही. नियम म्हणजे नियम. मी ताठ बसले आणि म्हणाले, “मी मंत्री होतो तेव्हा फार आगाऊ होतो.”

परकारशेठनी माझ्यासारख्या बाईच्या तोंडून ‘होतो’ ऐकलं आणि कपाळाला हात लावून हसायला लागले. “बोल बाय, बोल. होतास ना मंत्री? पुढे?”

पुढचं बोलणं साधं होतं. ते म्हणाले आणि मी म्हणाले: “मी तो कारखाना पाहिला नव्हता. लादी कुणी बनवली ते मला ठाऊक नव्हतं. सल्लागारानं हातात दिली आणि मी फेकली. ‘हे लोक’ म्हणालो. हे लोक कोण, ते मला आज कळतंय. मी चुकलो.”

शेठनी दाढीवरून हात फिरवला. मग उठले, शोकेसमधून एक लादी काढली आणि त्यांच्या हातात दिली. “माफी पोचली. आता फेका. माझ्यासमोर. मला प्रत्यक्ष बघायचंय.”

मंत्रिमहोदय नको म्हणाले. शेठ हटेनात. सगळं ऑफिस दारात जमलं. शेवटी त्यांनी हात वर केला, अगदी भिंतीवरच्यासारखा, आणि आपटली.

फुटली. चार तुकडे झाले.

मंत्रिमहोदयांचा हात तसाच हवेत. प्रॉडक्शन मॅनेजर रडकुंडीला येऊन ओरडला, “सर, वो डिस्प्लेवाला पीस था! सिर्फ दिखाने का! पतला बनाया था, सर!”

मी शेठकडे पाहत होते. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग दाढी थरथरायला लागली, आणि मला वाटलं आता संपलं. कोलेतची सोसायटी, भट्टी, सगळं खलास. पण ती थरथर हसण्याची होती. ते इतके हसले की कुणीतरी खुर्ची पुढे केली. “इतकी वर्षं लागली,” ते म्हणाले, “पण फोडलीन! शेवटी फोडलीन मंत्र्यानं!” आणि त्यांनी मंत्रिमहोदयांना मिठी मारली. सुलेमानी चहा आला, खजूर आले.

हसणं वेगळं आणि ऑर्डर वेगळी, हे मात्र लगेच कळलं. कोलेतनं पेटी उघडून लाद्या टेबलावर मांडल्या. निळे मासे, द्राक्षांचे वेल, एक वेडीवाकडी कोंबडी. शेठनी एकेक उचलून उजेडात धरली, बोट फिरवलं. “सुंदर,” ते म्हणाले. “पण बाय, हे मी विकू कुणाला? माझं गिऱ्हाईक चौरस मीटरवर बोलतं.”

मंत्रिमहोदय उभे राहिले. फ्रान्सचा वारसा, हाताचं कौशल्य, दोन संस्कृतींमधला पूल. मी इमानेइतबारे सगळं मराठीत आणलं आणि परकारशेठच्या पापण्या जड होताना पाहिल्या. मध्येच कोलेत माझ्याकडे वळून पुटपुटली, “देवा, कुणीतरी यांना गप्प करा.”

जे बोललं गेलं ते सांगायचं. मी शेठना सांगितलं, “देवा, कुणीतरी यांना गप्प करा.”

शेठ खाडकन जागे झाले. “हे कोण म्हणालं? ही? हिच्याशीच बोलतो मी.”

कोलेतनं भाषण केलं नाही. तिनं विचारलं, “तुमच्या स्वतःच्या घरात भिंतीला कुठला रंग लावाल?”

शेठनी छताकडे पाहिलं. “कैरीचा,” ते म्हणाले. “पिकलेल्या आंब्याचा नव्हे, तो सगळेच लावतात. कैरीचा, देठाजवळ असतो तो. आमची खतिजा लग्नानंतर म्हणालेली, असा रंग मिळाला तर स्वयंपाकघराला लावू. कुठल्या कंपनीनं आजवर दिला नाही. पिस्ता देतात, पोपटी देतात.”

आता मी अडले. कच्चा आंबा असं फ्रेंचमध्ये सांगता येतं, पण कोलेतनं फक्त दुकानातला पिकलेला आंबा पाहिलेला. हिरवा म्हटलं तर कुठला हिरवा? वर पांढुरकी लव, आत पिवळ्याची चाहूल, देठाशी जवळजवळ निळसर. मी हात टेकले. “शेठ, याला शब्द नाही. कैरीच लागेल.”

“मग आण की!”

रास अल खोरच्या भाजीबाजारात माझा ओळखीचा एक फळवाला आहे. त्याला फोन लावला. दुसऱ्या सकाळी मी पिशवीभर कैऱ्या घेऊन दोघांना परत रास अल खैमाला नेलं.

कारखान्याच्या लॅबमध्ये नमुने भाजायची लहान भट्टी असते. लादीवरचा काचेसारखा थर, ग्लेझ, भाजायच्या आधी राखाडी गाऱ्यासारखा दिसतो. खरा रंग भट्टीतून बाहेर आल्यावरच कळतो. म्हणून रंगारी हा अंदाजाचा धंदा आहे. कोलेतनं मधोमध एक देखणी कैरी ठेवली, बाह्या वर केल्या आणि मिसळायला लागली. पहिला नमुना पिस्ता आला. दुसरा सरकारी दवाखान्याच्या भिंतीसारखा. शेठ दर वेळी हळूच मान हलवत. कोलेतच्या ओठांची रेघ घट्ट होत चालली. तिची घरी जायची फ्लाइट दुसऱ्या दिवशी होती, आणि हातात काही नसताना गावात उतरायची तिची तयारी नव्हती.

“आम्ही सगळे यांच्याकडे बघून बसलोत,” ती मला म्हणाली, रंगाच्या भांड्यांकडे बोट दाखवून. त्या वेळी ती पहिल्यांदा थकलेली दिसली.

तिसऱ्या नमुन्याची भट्टी लागल्यावर ती वळली आणि किंचाळली. मधोमध ठेवलेली कैरी नव्हती. खिडकीपाशी मंत्रिमहोदय बसले होते. लॅबमधल्या केरळी पोरांनी त्यांना सुरी, मीठ आणि तिखट दिलं होतं. मिशांना तिखट लागलेलं, डोळ्यांतून पाणी, आणि चेहऱ्यावर परमानंद.

“तो माझा रंग होता!” कोलेत ओरडली.

“मला वाटलं नाश्ता आहे,” मंत्रिमहोदय म्हणाले, आणि उरलेली फोड तिच्यापुढे धरली. “चाखून तर बघ.”

तिनं रागानं ती तोंडात टाकली. डोळे मिटले, खांदे वर गेले, सगळा चेहरा आक्रसला. शेठ मोठ्यानं हसले, “आत्ता कळलं हिला!” ती बराच वेळ चावत राहिली. मग पिशवीतून दुसरी कैरी काढली, कापली, कापलेली बाजू आणि साल शेजारी शेजारी ठेवली, आणि काही न बोलता चौथा नमुना मिसळायला बसली. पिवळा आणखी एक चिमूट घातला तिनं, एवढं मला दिसलं.

भट्टी उघडली तेव्हा दुपार कलली होती. शेठनी लादी फडक्यात धरली, खिडकीकडे नेली. फोन काढून बायकोला व्हिडिओ कॉल लावला. “खतिजा, बघ ग.”

पलीकडे खतिजाभाभींनी चष्मा लावला. मग त्या म्हणाल्या, “हां. ही. मीठ लावून द्या पटकन.”

मी ते फ्रेंचमध्ये सांगितलं. कोलेत स्टुलावर बसली आणि रडली. मंत्रिमहोदयांनी खिशातला रुमाल तिला दिला, आणि तो तिखटाचा निघाल्यानं ती आणखी रडली.

परकारशेठनी घराचं स्वयंपाकघर तर दिलंच; शिवाय मरीनातल्या एका नव्या हॉटेलच्या लॉबीचं काम त्यांच्याकडे होतं, तिची अख्खी एक भिंत दिली. कैरीच्या रंगाची, मधून मधून कोलेतचे मासे. हात मिळवताना ते म्हणाले, “इन्शाल्ला, पुढची पण.” बँकेनं सोसायटीला दारात घेतलं. भट्टी विझली नाही.

मंत्रिमहोदयांचं मात्र काय झालं ते सांगायला हवं. लॅबमधल्या कुणीतरी त्यांचा कैरी खातानाचा फोटो टाकला होता, तो त्यांच्या गावच्या पेपरात आला. विरोधकांनी धुरळा उडवला: एकेकाळी परदेशी लादी फोडायला निघालेले आता परदेशात मेजवान्या झोडतात, गावाचा कारखाना आखाताला विकतात. विकला नव्हता, वाचवला होता. पण निवडणुकीत एवढं ऐकायला कुणाला सवड असते? ते पडले. मला वाईट वाटलं. मी फोन केला, तर पलीकडे हसण्याचा गडगडाट.

“मादाम, मला हरवलं कुणी ते विचारा!”

विरोधकांनी नाही. कोलेतनं. सोसायटीच्या लोकांनी तिला उभं केलं होतं, आणि विरोधक आणि मंत्रिमहोदय दोघांनाही मागे टाकून ती मेयर झाली होती.

“तुम्ही तिला मत दिलंत?”

“मी? मी स्वतः उभा होतो!” ते जरा दुखावले. मग म्हणाले, “पण माझ्या बायकोनं तिला दिलं. ते मला तिनं मोजणी झाल्यावर सांगितलं.”

गेल्या हिवाळ्यात मरीनातल्या त्या लॉबीचं उद्घाटन झालं. निवृत्त होण्याआधीचं ते माझं शेवटचं मोठं काम. कोलेत आली, खांद्यावरून फ्रेंच मेयरचा तिरंगी पट्टा, पायात तेच साधे बूट. मागून लाद्यांची पेटी उचलून मंत्रिमहोदय आले. ते आता सोसायटीचे विक्रेते आहेत. परकारशेठ सगळ्यांना ओलांडून थेट त्यांच्याकडे धावले, “मंत्रिसाहेब, या, या!”

“मेयर मी आहे,” कोलेत म्हणाली. मी ते सांगितलं. शेठनी तिलाही तेवढ्याच प्रेमानं या म्हटलं.

खतिजाभाभी भिंतीपाशी उभ्या होत्या, तळहात लादीवर टेकवून. संध्याकाळचं ऊन पाण्यावरून आत येत होतं आणि सगळी भिंत कुणीतरी नुकतीच कापल्यासारखी दिसत होती. कोलेत दोन वाक्यं बोलली: काम वीसजणांनी केलंय, नावं लाद्यांच्या मागे लिहिली आहेत. टाळ्या झाल्या. मग एका पत्रकारानं मंत्रिमहोदयांसमोर माईक धरला. एवढं वादळी राजकारण, मंत्रिपद गेलं, मेयरपद गेलं. आज इथे उभं राहून काय वाटतं?

कोलेतनं डोळे वटारले. मंत्रिमहोदयांनी मिशीवरून हात फिरवला.

“मला काही म्हणायचं नाही,” ते म्हणाले.

“मला काही म्हणायचं नाही,” मी म्हणाले.

आणि मग ते बोलायला लागले. लॉबीतले पाहुणे जेवणाकडे सरकले, पत्रकाराचा हात दुखून त्यानं माईक बदलला, कोलेत माशांपाशी जाऊन बसली. मंत्रिमहोदय बोलतच राहिले, आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून एकही शब्द न गाळता, अगदी मनापासून, सगळं सांगत राहिले.